चोडणच्या नव्या सुनेला: उन्हाळी सहलीचे कपडे आणि त्यांच्यावरचं लिखाण

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरहून गोव्यात, मांडवी नदीतल्या चोडण बेटावर लग्न होऊन आलेल्या एका मुलीने मला विचारलं आहे: "ताई, पुण्यात नोकरीला असताना माझा कपड्यांवरचा ब्लॉग छान चालायचा. इथे आल्यापासून अडलाय. बेटावर स्टुडिओ नाही, दुकानं नाहीत. मे महिन्यात घरचे सगळे सहलीला निघतात, तेव्हा फोटो काढावेत म्हणते, पण फेरीबोटीने नदी ओलांडेपर्यंत माझा पार अवतार झालेला असतो. घालू काय, फोटो कुठे काढू? आणि एक कंपनी फुकट कपडे पाठवते म्हणतेय, घेऊ का?"

बाई गं, तो अवतार कशाने होतो, नेमका कुठे होतो आणि कुठल्या कपड्याचा होत नाही, एवढंच तू नीट लिहिलंस तरी दोन उन्हाळे पुरेल इतका मजकूर तुझ्याजवळ आहे.

मी शेजारच्या दिवाडी बेटावर राहते. आमच्याकडे अजून पूल नाही. जुन्या गोव्याहून या, रायबंदरहून या, नाहीतर नार्व्याहून, फेरी काही चुकत नाही. चौदा वर्षं मी कपड्यांवर लिहितेय, त्यातली पहिली तीन मी फुकट घालवली. इस्त्रीचा ड्रेस पिशवीत घालून पणजीला न्यायचा, तिथे कुणाच्या तरी घरी बदलायचा, फोटो काढायचे आणि घरच्या कपड्यांत परत फेरीला उभं राहायचं. वाचणाऱ्या "सुंदर" म्हणून पुढे जायच्या. एकदा माझा निळा जॉर्जेटचा स्कर्ट फेरीच्या रॅम्पवर पायांना कसा चिकटला, रेलिंगच्या ग्रीसचा काळा पट्टा त्यावर कसा उमटला आणि तो निघेना म्हणून मी तो शेवटी उशीच्या अभ्र्याला कसा वापरला, हे सगळं लिहिलं. त्यावर मालवणहून, अलिबागहून, सांतइस्तेवहून बायकांनी विचारलं, मग तू घालतेस काय? तेव्हापासून मी कपडा घराच्या दारापासून लिहिते आणि संध्याकाळी तो दोरीवर वाळत पडेपर्यंत लिहिते. तूही तसंच कर. पणजीत बसून कपड्यांवर लिहिणारीला हे लिहिता येणार नाही.

आधी कापडाचं बोलू. गोव्यात मे महिन्यात पारा 33-34 च्या आसपास असतो, म्हणजे कोल्हापूरपेक्षा कमीच. पण हवेत इतका ओलावा असतो की घाम उडतच नाही, अंगावर साचून राहतो. त्यामुळे तुझ्याकडचे "उन्हाळी" कपडे इथे निम्मे बाद होतात. कापड सुती असून भागत नाही, त्याची वीण सैल हवी आणि ते अंगापासून सुटं राहायला हवं. मलमल चांगली, हातमागाचं सुती चांगलं, लिनन उत्तम. तुमच्या इचलकरंजीकडचं घट्ट विणीचं पॉपलिन मात्र आवडतं म्हणून अंगाबरोबर शिवलंस तर तास-दीड तासात पाठीला चिकटेल. तेच सैल कुडत्यासारखं, बगलेत मोठी कळी ठेवून शिव, मग चालतं. कोरं हातमागाचं कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून ठेव, पहिल्या धुण्याला ते आटतंच. रंगांत राखाडी आणि फिकं आकाशी या दोघांवर घाम सगळ्यात जास्त दिसतो, ते सहलीला नको. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छपाईचं कापड घे, त्यावर दिसत नाही.

घेर फेरीसाठी मापून शिवायचा. नदीच्या मध्यावर आली की फेरी वाऱ्यात येते, दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटलेला असतो आणि हलका घेर डोक्यावर जातो. शिंप्याला खालची दुमड दोन इंची दुहेरी घालायला सांग. तेवढ्या वजनाने घेर खाली राहतो, शिवाय उतरताना रॅम्पवरचं पाणी लागलं तर किनारीला आकार राहतो. लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत ठेव. घोट्यापर्यंतचा झगा फोटोत वाऱ्यावर छान दिसतो खरा, पण रॅम्पच्या शेवटच्या हातभर जागेत शेवाळ असतं, तिथे एका हातात डबा नि दुसऱ्या हातात पोर असताना तो उचलायला तिसरा हात कुठून आणणार?

हा प्रश्न इथल्या बायकांनी कधीच सोडवलेला आहे. गावडा-कुणबी बायकांचं जुनं कापड, म्हणजे साडी, आठव. लाल चौकडीचं जाड सुती, गुडघ्याच्या जरा खाली संपणारं, पदर घट्ट ओढून खांद्यावर गाठ मारलेला. त्या गाठीला देठली म्हणतात. दिवसभर चिखलात वाकून लावणी करायची तर काठ चिखलाच्या वर हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ते तसं झालं. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड पुन्हा विणून घेतलं, हलकं केलं आणि मोठ्या व्यासपीठावर नेलं. 2020 मध्ये ते गेले. कोलवाळच्या त्यांच्या जुन्या घरात गोव्याच्या पोशाखांचं संग्रहालय उभं करायचा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत धरला होता. आता कुणबी साडी बाजारात सगळीकडे दिसते. तू घेतलीस तर विणणारा कोण ते विचार आणि लिहिताना कापड कुणाचं आहे तेही लिही. नुसतं "गोवन चेक्स" म्हणून मोकळी होऊ नकोस. आणि एकदा तरी ती पायघोळ न नेसता, त्यांच्यासारखी आखूड नेसून बांधावरून चालून बघ. काठाची उंची तशी का, ते चालताना दहा पावलांत समजतं.

चपलांचं थोडक्यात सांगते. तू कोल्हापूरची, म्हणून जीव तुटतो हे सांगताना, पण कोल्हापुरी फेरीला घालू नकोस. ते कातडं बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं असतं. पाण्याने फुगतं, आणि मांडवीचं पाणी इथे खारट, त्यामुळे वाळलं की मिठाचं पांढरं वळ राहतं आणि पट्टा कडक होतो. रबरी चप्पल घालून जा, कोल्हापुरी पिशवीतून ने, जागेवर पोचल्यावर घाल. हे असं दोन चपलांचं लिहायला लाजू नकोस, वाचणारीला तेच हवं असतं.

आता डाग. यावर मी सगळ्यात जास्त लिहिलंय, कारण सहल म्हणजे डाग. एप्रिल-मेमध्ये काजूच्या झाडाखाली बसलात की बोंडांचा रस कपड्यावर पडणारच. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो, कुणी लक्ष देत नाही. घरी येऊन साबण लावला की तपकिरी होतो आणि मग जन्माचा सोबती. त्यात टॅनिन असतं, साबणाने ते आणखी गडद होतं. म्हणून डाग पडल्यापडल्या बाटलीतलं साधं पाणी उलट्या बाजूने ओतायचं, म्हणजे रस जसा आत शिरला तसा बाहेर ढकलला जातो. मग लिंबू पिळून पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा पाणी. साबण अगदी शेवटी, घरी. माझ्या पांढऱ्या मलमलीच्या कुडत्यावर पोटाशी असा रुपयाएवढा डाग आहे, नऊ वर्षांचा. तो मी प्रत्येक फोटोत तसाच दिसू दिला, आणि डागांबद्दल मला आजही सर्वांत जास्त विचारतात ते त्या कुडत्यामुळे.

फणसाच्या चिकाला पाणी लावूच नकोस. आधी खोबरेल चोळ, चीक सुटला की मग साबण. नदीच्या चिखलाला ओला असताना हात लावायचा नाही, वाळू द्यायचा, झटकायचा, ब्रशने घासायचा, मग धुवायचा. आणि जांभ्याची लाल माती बसली असेल तर ब्लीच कधीही घालू नये. तो लोहाचा रंग आहे, ब्लीचने पक्का बसतो. लिंबू आणि मीठ लावून सावलीत ठेव. मुलं करवंदं, इथली कांटां, खाऊन तुझ्या मांडीला हात पुसणार हे धरूनच चाल, त्या दिवशी गडद जांभळी छपाई घाल. सोलकढीपेक्षा कोकमाचं सरबत बाटलीत न्यावं, नारळाच्या दुधाचा चिकटपणा तरी वाचतो. खायला पोयी, म्हणजे इथला पाव, आणि अळसांद्याचं सुकं तोणाक, म्हणजे चवळीची उसळ, न्या, मांडीवर धरून खाता येतं. मानकुराद आंबा मात्र कापून नेऊ नका. पाण्यात भिजवून अख्खा न्यायचा आणि कपडे विसरून खायचा.

फोटोच्या उजेडाबद्दल पुण्यातलं शिकलेलं बरंचसं इथेही लागू पडतं, पण एक गोष्ट निराळी आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास गोव्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबारा वाजलेले असतात. उभी राहिलीस तर सावली पायाखालीच मावते. चेहऱ्यावर त्याचा परिणाम असा होतो की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. अकरा ते तीन कॅमेरा पिशवीत ठेव आणि सहलीत मनापासून सहलच कर. उठायला जमत असेल तर सकाळी सव्वासहा ते साडेआठ, नाहीतर संध्याकाळी पाच ते पावणेसात.

दुपारी काढायचाच झाला, तर घर गाठ. जुन्या हिंदू घरांत मधलं राजांगण असतं. कौलांच्या चारी उतरणींमध्ये मोकळं आभाळ, आणि तो उजेड पांढऱ्या भिंतींवर आपटून सगळीकडून सारखा खाली येतो. सुती कापडाचा पोत त्यात जसा दिसतो तसा कुठल्याही दिव्याखाली दिसत नाही. ख्रिस्ती घरांत बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, आणि काही घरांना अजून शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. त्या पातळ शिंपल्यांतून येणारा उजेड दुधासारखा असतो. झाडाखाली बसलात तर आंब्याच्या गर्द सावलीत आत जाऊ नका, पानांतून येणारे ऊनठिपके तोंडावर पडतात आणि कातडीवर हिरवी झाक येते. सावलीच्या कडेला, उघड्या शेताकडे तोंड करून बसायचं. जांभ्याच्या उघड्या भिंतीला टेकून फोटो काढलास तर कपड्याचा खरा रंग मिळणार नाही, सगळं तांबूस येतं, आणि मग विकत घेणारी म्हणते फोटोत वेगळा होता. घरचं एखादं धुतलेलं पांढरं धोतर बरोबर ने. दोघांनी धरलं की तोच तुझा रिफ्लेक्टर, आणि खाली अंथरलं की बसायला चादर.

पाण्याकाठी काढायचे असतील तर भरती-ओहोटी बघून जा. मांडवीत दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल पाच वाजता बांधाला लागलेलं पाणी आठवड्याने त्याच वेळी गेलीस तर नसेल, तिथे चिखल आणि वास असेल. फेरीवरच्या कामगारांना विचार, त्यांना तोंडपाठ असतं.

जागांचं सांगते, पण जागेपेक्षा तिथे वागायचं कसं ते जास्त महत्त्वाचं. तुमच्या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1988 साली जाहीर झालेलं, 178 हेक्टर खारफुटी. ते सहलीचं ठिकाण समजू नकोस. डबा, गाणी, फुगे, झळझळीत पिवळा ड्रेस, काही नको. मातकट हिरवा घाल, सकाळी वनखात्याची परवानगी काढून जा, आणि तिथे काय घालावं हेच लिही, त्यावर फार थोडं लिहिलं गेलंय. सहलीला पोंबुर्फ्याची फेरी धरा आणि झरीवर जा, नाहीतर रस्त्याने मयेच्या तळ्यावर. झरीवर भिजणार असाल तर एक सांगते, पांढरी मलमल ओली झाली की आरपार दिसते. आतून त्याच कापडाचं अस्तर लाव, नाहीतर गडद रंग घाल. आणि कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी पाय सोडून बसायचे फोटो, ते बघून माझा थरकाप होतो. त्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या. काठावर सावलीत चादर अंथरण्याआधी तिथल्या माणसाला विचारलंच पाहिजे.

खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांच्या, बांधावर उभं राहून फोटो सुंदर येतात. पण बांध हे कुणाच्या तरी शेताचं रक्षण आहे. खारं पाणी बाहेर, गोडं आत, आणि मध्ये मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं, दार. मानशीच्या तोंडाशी मासेमारी करणाऱ्याने त्या जागेचे पैसे भरलेले असतात. त्याच्या जाळ्यावर पाय देऊन पोझ घेणं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. घरांचंही तसंच. पणजीच्या फोंताइन्हास वस्तीत लोक दारात येऊन कपडे बदलू लागले तेव्हा तिथल्या रहिवाशांना फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. तू चोडणची सून आहेस. घरातल्या कुणालातरी बरोबर घेऊन दार वाजव, "काकी, तुमच्या बाल्कांवात दोन फोटो काढू?" म्हण, नंतर एक फोटो छापून त्यांना नेऊन दे. मी असे आजवर साठ-सत्तर तरी दिले असतील. पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडायला आणि दारू प्यायला 2019 पासून बंदी आहे, दंड होतो. हे घरच्या पुरुषमंडळींना निघतानाच सांग. आणि आणलेला सगळा प्लास्टिक कचरा परत फेरीने घरी.

आता ती कंपनी. मला पहिल्यांदा आलेली गोष्ट सांगते. एका कंपनीने "शुद्ध लिनन" म्हणून लांब फिकट हिरवा ड्रेस पाठवला, सोबत मी काय लिहायचं त्याचा मजकूर. घातला, फेरीला गेले, नदी ओलांडेपर्यंत पाठीतून धारा. लिननमध्ये असं होत नाही. घरी येऊन आतल्या शिवणीचा एक धागा ओढला, बशीत ठेवून काडी लावली. लिनन किंवा सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो, बोटांत धरली की राख भुगा होते. हा धागा आखडला, वितळला, काळा धूर आला आणि बशीला एक कडक मणी चिकटून राहिला. नखाने निघेना. म्हणजे पॉलिस्टर, निदान बरंचसं. मी त्यांना बशीचा फोटो पाठवला आणि ड्रेस परत केला. त्यांनी पुढे कधी उत्तर दिलं नाही. बशी अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा घे, पण अटी तुझ्या. मजकूर तू लिहिणार, कपडा एक अख्खा दिवस घालून आणि एकदा धुऊन मगच लिहिणार, आणि फुकट मिळाल्याचं अगदी सुरुवातीला, मराठीत, दिसेल असं सांगणार. तसं करणं तुला बंधनकारकही आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं 2021 मध्ये आली, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी 2023 मध्ये. पैसे घेतले नाहीत, नुसती वस्तू मिळाली, तरी सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलामण केल्याबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि 1 जुलै 2022 पासून एका कंपनीकडून वर्षात 20,000 रुपयांवर वस्तू मिळाल्या आणि तू त्या ठेवून घेतल्यास, तर त्यावर 10 टक्के कर कापला जातो. तेव्हा वही ठेव. तारीख, वस्तू, किंमत, परत केली की ठेवली.

नवे कपडे सतत हवेत असं वाटू देऊ नकोस. बेटावर पार्सलवाला रोज येत नाही, आणि आला तरी फेरीच्या वेळा बघून येतो. माझे सहलीचे कपडे आठ आहेत. तीच मलमल मार्चमध्ये, मेमध्ये आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिसते, कॉलर विरली की कॉलर उलटी करून शिवलेली दिसते. झिपा खाऱ्या हवेने गंजतात म्हणून मी सगळीकडे नारळाच्या करवंटीची बटणं लावून घेतली, त्यावरचा एक लेख अजून वाचला जातो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो, आणि मग चार महिने कपाटात बुरशी. त्याआधी, मेच्या शेवटच्या कोरड्या दिवसांत, सगळं सुती धुऊन कडकडीत वाळव, खळ घालू नकोस, बुरशी खळीवर आधी बसते. कोल्हापुरी आणि कातडी पिशव्या पुसून, वाळवून कागदात गुंडाळ. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड चालू असेल, मिरच्या, कोकम, खारे मासे, त्यांच्यापासून कपडे लांब. सासूबाईंची ट्रंक असेलच. त्यांना ती तुझ्यासमोर उघडायला सांग आणि आत काय घातलंय ते बघ, कडुलिंबाचा पाला, लवंगा, की आणखी काही. घड्या कशा घातल्यात, कुठली साडी कशात गुंडाळलीय, ते विचारून लिहून घे. त्यांना सांगून ट्रंकेचे फोटो राजांगणात काढ, सकाळी नऊच्या आत.